रोजची बकरी

अमोस, काल फोनवर तुझा आवाज बारीक आला.
तिकडं दुपारी तीनलाच अंधार पडतो म्हणालास,
भाड्याच्या हॉलात चाळीस खुर्च्या मांडल्यास
आणि माणसं आली चार.
त्यातला एक किल्ली परत घ्यायला थांबलेला.

मी हसले नाही. आलं होतं हसू.

इथं गड्ड्याचे पाळणे उभे राहिलेत,
शिवारात हुरडा आलाय,
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
तू विचारलंस, आई, आपल्याकडं त्या बाईनं
सुरुवात कशी केली?
चार वर्षं बायबल कॉलेज केलंस तू,
फीच्या पावत्या अजून माझ्या डब्यात आहेत,
आणि हे मला विचारतोस.

तर ऐक, आजा सांगायचा तसं.
नाव तिचं ऑगस्टा. साखर पेठेत तिची आगस्तबाई झाली.
दोन वर्षं मुनशीकडं मराठी शिकली,
मग एके दिवशी आडावर, भर उन्हात,
स्टुलावर उभी राहून हात जोडून म्हणाली:
हे आमच्या स्वर्गातल्या बापा,
आमची रोजची बकरी आज आम्हांला दे.

मराठीत हसले, तेलगूत हसले, कानडीत हसले लोक.
घागरी खाली ठेवून हसले.
विड्या वळणाऱ्या बायांची सुपं सांडली.
बाई लाल झाली, स्टुलावरनं उतरली
आणि तीही हसत सुटली,
काय चुकलं ते न कळता.

संध्याकाळी मागावरची नागम्मा आली, बकरी घेऊन.
दाराच्या कडीला बांधली. म्हणाली,
घे, तुझ्या बापाला ऐकू गेलं.
थट्टाच होती. पण बकरी दुभती होती,
आणि बाईकडं त्या आठवड्यात
दुष्काळातलं एक तान्हं पोर होतं, आईवाचून.
पोर जगलं.
दुसऱ्या दिवशी नागम्मा पोराला बघायला आली.
मग रोजच.
पहिली मंडळी म्हणजे एवढीच:
एक मड्डम, एक साळीण, एक पोर, एक बकरी.
नागम्मानं बाप्तिस्मा घेतला नाही कधी.
रजिस्टरात तिचं नाव शोधू नकोस.

बाई चुकली पण. तेही सांगते,
आपल्यात तेवढं सांगत नाहीत.
आज्याच्या बापाला तिनं हलगी सोडायला लावली.
म्हणाली, ते जुन्या देवांचं वाद्य.
त्यानं ऐकलं. हलगी माळ्यावर ठेवली,
आणि पेटीवरची गाणी तो ओठ मिटून ऐकायचा,
एकवीस वर्षं.
बाई वारली त्या दिवशी
त्यानं ती उतरवली, जाळावर तापवली
आणि कब्रस्तानापर्यंत वाजवत गेला.
पाळकानं अडवलं नाही.
आता नाताळला तीच वाजते, तू नाचलायस तिच्यावर.

म्हणून म्हणते, तिथल्यांची हलगी काय आहे
ते आधी बघ. माळ्यावर टाकायला लावू नकोस.
त्यांची भाषा चुकव. चारचौघांत चुकव.
चाळीस खुर्च्या कशाला, सहा मांड.
किल्ली घ्यायला येतो त्याला चहा पाज.

मंडळी लावायची म्हणतोस, रोप लावल्यासारखी.
मला आपली ज्वारी कळते. मालदांडी
पाऊस संपल्यावर वाढते,
थंडीत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर.
ती ओल काही पेरणाऱ्यानं नेलेली नसते.

शेंगाचटणीचं पार्सल परवा टाकलंय.
तिकडं फोडून बघतील, बघू देत.
तिखट झालीय. त्या किल्लीवाल्याला
आधी चिमूटभरच दे.
आणि बकरीची गोष्ट सांगितलीस
तर तिचं नाव नीट घे.
नागम्मा. दोन म.